विसरतंय, हे फॅमिली डॉक्टरांना कधी सांगायचं?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते स्मृतिभ्रंशाबद्दल, म्हणजे डिमेन्शियाबद्दल. त्यातही एकाच टप्प्याबद्दल: घरात कुणाच्या तरी मनात पहिली शंका येते, तिथपासून ती शंका फॅमिली डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत. हा रस्ता लांबीने फार नाही, पण पुष्कळ घरांत तो पार करायला वर्षं जातात.

का जातात, याचा एक चांगला धागा गोव्यात सापडतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातल्या वार्धक्याबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांपुढे हळूहळू सगळं विसरत चाललेल्या वृद्ध व्यक्तीचं वर्णन ठेवलं होतं. लोकांनी ती व्यक्ती लगेच ओळखली, अशी माणसं त्यांनी पाहिलेली होती. पण याला आजार म्हणावं असं त्यांना वाटलं नाही. काहींच्या मते हे वयाचंच लक्षण, तर काहींच्या मते मुलांनी माया केली नाही, आबाळ झाली, म्हणून असं झालं. या दुसऱ्या समजुतीकडे नीट पाहा. विसरणं हा आबाळीचा परिणाम असेल, तर आईला डॉक्टरांकडे नेणं म्हणजे चारचौघांत आपला दोष कबूल करणं. मग सून गप्प बसते, मुलगा 'वय झालं' म्हणतो, आणि आजी स्वतःच 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय हसण्यावारी नेतात.

भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. उरलेल्या ९२ टक्क्यांहून अधिक लोकांना तो नाही. म्हणजे म्हातारपण आणि डिमेन्शिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याच आकड्यातून दिसतं.

मग वयाचं विसरणं कुठलं आणि आजाराचं कुठलं? चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, शेजाऱ्यांच्या जावयाचं नाव जिभेवर येऊन अडतं, संध्याकाळी अचानक आठवतं, हे वयाचं. तोच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारला आणि आपण आधी विचारला होता याचा पत्ताच नाही, ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट. चाळीस वर्षं पुरणपोळी केलेल्या हाताला आता डाळ शिजवायची आधी की कणीक मळायची आधी, हे सुचत नाही. वाण्याचे पैसे दोनदा दिले जातात. बीपीची गोळी एखाद्या दिवशी तीनदा घेतली जाते, एखाद्या दिवशी घेतलीच जात नाही. रोजच्या देवळातून परतताना गल्ली चुकते. मूळ प्रश्न असा की, आधी जमत होतं ते आता जमेनासं झालंय का?

इथे आपल्या कुटुंबपद्धतीतली एक अडचण सांगायलाच हवी. सुनेने स्वयंपाक हाती घेतला, मुलगा बँकेचं बघतो, नातू फोन लावून देतो. प्रेमापोटीच हे होतं. पण आजींच्या वाट्याला कामच उरत नाही, त्यामुळे काय जमत नाही हे कुणाला दिसत नाही. मग सून बाळंतपणाला माहेरी जाते किंवा आजोबा अचानक जातात, आणि सगळं एकदम उघडं पडतं. लोक म्हणतात, 'धक्क्याने झालं.' बहुतेक वेळा ते आधीच सुरू झालेलं असतं, आजोबा ते झाकून नेत होते.

आता दवाखान्यात काय होतं ते पाहू. फॅमिली डॉक्टर ही योग्य जागा आहे, कारण त्यांनी हा माणूस आधी कसा होता ते पाहिलेलं असतं. एखाद्या तज्ज्ञाला ते माहीत नसतं. पण संध्याकाळच्या गर्दीत, बीपी मोजून झाल्यावर उठता उठता 'जरा विसरतात हो हल्ली' असं म्हटलं, तर उत्तर 'वयोमानाने होतं' असंच येणार. त्यासाठी वेगळी वेळ मागा, शक्यतो सकाळची. जाताना चष्मा आणि कानाचं यंत्र घ्या. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या, त्यात आयुर्वेदिक काढा, झोपेची गोळी आणि दुकानातून आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. आणि एका कागदावर तारखांसकट पाच-सहा प्रसंग लिहून न्या. 'खूप विसरतात' यापेक्षा 'गणपतीनंतर दोनदा गॅस चालू राहिला' हे वाक्य डॉक्टरांच्या कितीतरी जास्त उपयोगाचं.

डॉक्टर जी छोटी चाचणी घेतात तिचा एक प्रकार मिनी-कॉग. तीन मिनिटांत होते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द सांगतात आणि लगेच म्हणवून घेतात. मग कागदावर घड्याळ काढायला सांगतात: आकडे भरा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा. त्यानंतर ते तीन शब्द पुन्हा विचारतात. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण, घड्याळ बरोबर असेल तर दोन, चुकलं तर शून्य. एकूण पाच. तीनपेक्षा कमी गुण आले तर पुढे तपासायला हवं. एवढाच त्याचा अर्थ. हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण लोकांच्या भीतीचं मूळ इथेच आहे. ही चाळणी आहे. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो.

चाळणी चुकते कुठे, तेही ऐका. ज्या माउलीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचं घड्याळ वेडंवाकडं येणारच. त्यात आजार नाही, अक्षरओळख नाही इतकंच. १९९५ साली उत्तर भारतातल्या बल्लभगढ भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी जुन्या इंग्रजी चाचणीचं हिंदी रूप तयार केलं गेलं, ते याच अडचणीमुळे. तारखेचंही तसंच. आजींना आज कोणती तारीख ते सांगता येणार नाही, पण 'आज एकादशी, परवा प्रदोष' हे त्या अचूक सांगतील. हे काळाचं भान शाबूत असल्याचं लक्षण आहे, आणि डॉक्टरांनी ते तसंच धरायला हवं. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तर गुण भाषेमुळे जातात. ऐकू कमी येत असेल तर तीन शब्द कानापर्यंत पोचतच नाहीत, मग आठवणार कुठून? ताप येऊन गेलेला आठवडा, रात्रभर जागरण, साखर खाली गेलेली, अशा वेळी घेतलेली चाचणी रद्दच समजा. आणि शेजारी बसलेल्या मुलीने 'अगं आई, मघाशी सांगितलं ना, केळं!' असं पुटपुटलं, तर चाचणी उलट्या बाजूने फसते.

म्हणून घरच्यांचं म्हणणं वेगळं ऐकणं हा तपासणीचा अर्धा भाग आहे. ऑस्ट्रेलियात खास फॅमिली डॉक्टरांसाठी केलेल्या जीपीकॉग या चाचणीत ही सोय आहे. पेशंटचे गुण नऊपैकी पाच ते आठ असे अधलेमधले आले, की घरच्या माणसाला सहा प्रश्न विचारायचे. पण हे बोलणं पेशंटसमोर करू नये. वडिलांच्या तोंडावर त्यांच्या चुकांचा पाढा वाचला, की ते पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

त्यानंतर दुरुस्त होण्याजोगं काही आहे का, हा शोध. थायरॉइडसाठी टीएसएच, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व, सोडियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताचा हिमोग्राम. आपल्याकडे बी-ट्वेल्व्हकडे जास्त लक्ष द्यावं लागतं: माणूस शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यावर रोज ॲसिडिटीची गोळी, असा बी-ट्वेल्व्ह कमी करणारा तिहेरी योग अनेकांत असतो. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, वृद्धांचं सोडियम खाली जातं आणि माणूस गोंधळतो. आणि ती पिशवीतली औषधं! सर्दीची क्लोरफेनिरामिन, मुरड्यासाठी डायसायक्लोमिन, झोपेसाठी अल्प्राझोलम, कंपावरची ट्रायहेक्सिफेनिडिल, दुखण्यावर दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, ही सगळी म्हाताऱ्या मेंदूवर झापड आणतात. पण कुठलीही गोळी स्वतःहून एकदम तोडू नका, झोपेची तर नाहीच. कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील.

नैराश्यही विसरण्याचं सोंग घेऊन येतं. असा माणूस बहुधा स्वतःच तक्रार करतो, 'मला काहीच आठवत नाही.' डिमेन्शियात तक्रार बहुधा घरचे करतात आणि तो स्वतः म्हणतो, 'मला काय धाड भरलीय?' हा काही पक्का नियम नाही, पण उपयोगी खूण आहे.

दोन परिस्थितींत मात्र थांबू नका. गोंधळ दोन-चार दिवसांत एकाएकी आला, माणूस कधी गुंगीत तर कधी बरळतो, तर तो डिमेन्शिया नसून तातडीचा आजार असण्याची शक्यता मोठी: जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, लघवी तुंबणं. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि पडल्यानंतर काही आठवड्यांत विसरणं, झोपाळूपणा, डोकेदुखी सुरू झाली, त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर कवटीच्या आत रक्त साठलंय का ते सीटी स्कॅनने बघावंच लागतं. ते काढता येतं.

खरं सांगायचं तर पूर्ण बरे होणारे पेशंट थोडेच असतात. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली आणि अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, गेला, असं होत नाही. पण आजारावर चढलेला हा जादा भार उतरला, तरी माणूस पुष्कळ सावरतो.

मग सगळ्याच साठीपुढच्यांना सरसकट तपासावं का? लोकांचं मत इथे दुभंगतं. 'कळून काय उपयोग, औषध तर नाही' असं एक म्हणणं. 'कळलं तर मी कोसळेन' हे दुसरं. अमेरिकेत इंडियाना इथे ६५ वर्षांपुढच्या ४,००५ जणांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांची फॅमिली डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची चाळणी केली, निम्म्यांची नाही. चाळणीमुळे नैराश्य किंवा चिंता वाढली नाही, म्हणजे ती भीती खरी ठरली नाही. पण वर्षाने जीवनमानात फरकही दिसला नाही. आणि ज्यांची चाचणी संशयास्पद आली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढच्या तपासणीला नकार दिला. इंग्लंडमध्ये २०१४ साली सरकारी आरोग्यसेवेने प्रत्येक वाढीव निदानामागे डॉक्टरांच्या दवाखान्याला ५५ पौंड द्यायचं ठरवलं, तेव्हा रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि खुद्द डॉक्टरांनीही कडाडून विरोध केला. डॉक्टर माझ्या भल्यासाठी विचारतोय की पैशासाठी, ही शंका एकदा आली की कुठलीही चाचणी कुचकामी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०२० साली सरसकट तपासणीला पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं.

आमचंही मत तेच आहे: ज्याला काही त्रास नाही, त्याला उगाच चाळणीतून काढू नये. पण घरच्यांनी किंवा त्या व्यक्तीने बदल सांगितला, तर 'वय झालं' म्हणून परत पाठवणं ही चूक आहे. रक्तातून अल्झायमर ओळखणाऱ्या चाचणीची बातमी तुम्ही ऐकली असेल. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या चाचणीला मान्यता मिळाली, तीही ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या पेशंटसाठीच. हौसेने करून घ्यायची ती गोष्ट नाही.

'कळून काय उपयोग' याचं उत्तर आम्ही गोळीपासून सुरू करत नाही. डोनेपेझिल आहे, पाच मिलिग्रॅमपासून सुरू होतं, काहींना काही काळ हात देतं. ते नाडी मंद करतं, म्हणून आधी ईसीजी काढलेला बरा. खरा उपयोग सहीचा आहे. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपतं, आणि मग खात्यातले पैसे काढायला मुलांना थेट न्यायालयात जाऊन पालकत्व मागावं लागतं. इच्छापत्र, बँकेत संयुक्त नाव, वारस नोंद, उपचारांबद्दलची इच्छा, हे सगळं माणसाला समजतंय तोवरच करता येतं. उशीर झाला तर आजोबांच्या मनात काय होतं, ते त्यांच्या तोंडून कधीच कळत नाही.

म्हणूनच निकाल कुणाला सांगायचा, हे तपासणीच्या आधीच त्यांना विचारावं. 'काका, जे निघेल ते तुम्हाला सांगू की ताईंनाही सोबत बसवू?' घरचे खूपदा दाराआड डॉक्टरांना म्हणतात, 'त्यांना सांगू नका.' त्यामागची माया कळते. पण आयुष्य त्यांचं आहे, आणि बहुतेकांना आपलं काहीतरी बिघडतंय हे आपल्याआधी जाणवलेलं असतं.

घरच्यांसाठी मदत म्हणजे काय, तेही गोव्यात पाहून झालंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजार समजावत, राग-हट्ट कसा हाताळायचा ते सांगत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य त्याने सुधारलं. अशी माणसं तुमच्या गावात नसतील, तर ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्याची १४४१६ ही टेलि-मानस, दोन्हींवर मराठीत बोलता येतं.

आणि दवाखान्यातून उठण्याआधी पुढची तारीख घ्या. एका चाचणीचे गुण एकटे फार बोलत नाहीत. सहा महिन्यांनी तीच चाचणी, तीच भाषा, तोच चष्मा, सकाळचीच वेळ, आणि गुण फाइलवर तारखेसह लिहिलेले. पहिल्या वेळी चार आणि आताही चार असतील, तर बरंच हायसं वाटेल. चाराचे दोन झाले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना तो एक कागद सगळ्यात वर ठेवा.

नमस्कार.