खाली वाचा, मग रेघ ओढा

(दृश्य : सकाळची वेळ. संस्थेचे आवार, झाडाखाली लावलेल्या सायकली, लांबट कार्यशाळा. भिंतीला टेकवून ठेवलेले ड्रॉइंग बोर्ड.)

तालुक्याच्या गावातील या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. दहावी उत्तीर्ण झालेली मुले-मुली येथे इमारतीचे प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), सेक्शन (उभा छेद) आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) काढण्यास शिकतात. भिंतीला टेकवून ठेवलेले हे लाकडी बोर्ड अडगळ म्हणून ठेवलेले नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थी आधी याच बोर्डावर कागद ताणून लावतो, ड्राफ्टर (पट्ट्या जोडलेले रेखाटन-साधन) बसवून समांतर रेघा ओढतो, पेन्सिलीचे टोक पुन्हा पुन्हा घासतो आणि त्यानंतरच शेजारच्या खोलीतील संगणकासमोर बसतो. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. २३० मिलिमीटर जाडीची वीटभिंत एकास पन्नास या प्रमाणात ४.६ मिलिमीटर होते, हे ज्याने कागदावर पट्टी ठेवून मोजले आहे, त्याला पडद्यावरच्या दोन रेघांमध्ये भिंत दिसते.

(दृश्य : संगणक कक्ष. पडदे एकामागून एक उजळतात. काळ्या पार्श्वभूमीवर रिकामे रेखाटन-क्षेत्र आणि त्याखालची एक अरुंद ओळ.)

संगणकाच्या पडद्यावर थेट रेखाटन करण्याची कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्रकाश-लेखणीने पडद्यावर आकृती काढणारी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. ऑटोडेस्क या कंपनीचे ऑटोकॅड हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर १९८२ साली आले आणि खास मोठ्या यंत्रांवर चालणारे हे काम टेबलावरच्या लहान संगणकावर आले. आपल्याकडे ऑटोकॅड हे नाव इतके रुळले आहे की, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर काढलेल्या नकाशालाही लोक ‘ऑटोकॅडचा नकाशा’च म्हणतात. या खोलीतही तेच सॉफ्टवेअर आहे. मात्र येथे जे शिकवले जाते, ते लिब्रेकॅडसारख्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवरही थोड्याफार फरकाने करता येते.

(दृश्य : पडद्याच्या तळाची कमांड लाइन, अगदी जवळून. कर्सर लुकलुकतो.)

शिल्पनिदेशक, म्हणजे हा विषय शिकवणाऱ्या, मॅडमचा पहिला तास या एका ओळीवर, म्हणजे संगणकाला आज्ञा (कमांड) देण्याच्या जागेवर, खर्च होतो. पडद्याच्या वरच्या भागात चित्रांच्या बटणांची रांग आहे आणि नवख्या मुलाचा हात माउस घेऊन साहजिकच तिकडे धावतो. मॅडम तो थांबवतात. डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माउसवर, असे बसवून त्या मुलांना फक्त ‘एल’ हे अक्षर दाबून एंटर करण्यास सांगतात. ‘एल’ म्हणजे लाइन, म्हणजे रेघ. रेघ लगेच उमटत नाही. खालच्या ओळीत इंग्रजीत एक प्रश्न उमटतो. पहिला बिंदू कोणता, असे तो विचारतो. मॅडम मोठ्याने म्हणतात, “कुठून?” बिंदू दिला की दुसरा प्रश्न येतो आणि मॅडम म्हणतात, “कुठवर?” आठवड्याभरात ही दोन पदे संपूर्ण वर्ग एका सुरात म्हणू लागतो.

मराठी माध्यमातून आलेल्या या मुलांना कमांडचे इंग्रजी नाव पाठ करणे अवघड जात नाही. नावे थोडी आहेत आणि त्यांची अक्षरे त्याहून थोडी. कमांड दिल्यानंतर संगणक आपल्याला काहीतरी विचारतो आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय तो पुढे जाणार नाही, हे समजण्यास वेळ लागतो. तो प्रश्न मराठीत फोडून सांगणारे कोणी शेजारी असेल, तर हा वेळ निम्म्याने कमी होतो, असे आमचे या वर्गात बसून झालेले ठाम मत आहे. कर्सरजवळ आकडे दाखवणारी सोय एफ १२ या कळीने चालू-बंद होते. मॅडम ती पहिले काही दिवस मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे नजर खालच्या ओळीवरच जाते. या चित्रफितीत आपल्याला वारंवार ऐकू येणारे वाक्य त्यांचेच आहे : “आधी खाली वाचा.”

(दृश्य : मुलीचा डावा हात आकडे टाइप करतो. पडद्यावर एकेक रेघ उमटत जाते.)

पहिला सराव एका खोलीचा आहे. आतील माप ३००० बाय ३६०० मिलिमीटर, म्हणजे साधारण दहा फूट बाय बारा फूट. हे माप सोयीपुरते घेतलेले नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरात एकच राहण्याची खोली असल्यास तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर आणि रुंदी किमान २.४ मीटर असावी लागते. ही खोली १०.८ चौरस मीटरची भरते. मुले युनिट्स या कमांडने मिलिमीटर निवडतात, लाइन घेतात, पहिला बिंदू ०,० असा देतात आणि पुढचा @३०००,० असा लिहितात. @ या चिन्हाचा अर्थ ‘आत्ता जिथे आहे तिथून’ असा होतो. ते विसरले तर संगणक ते अंतर मूळ बिंदूपासून मोजतो. पहिल्या भिंतीला त्याने काही बिघडत नाही, कारण ती मूळ बिंदूपासूनच निघते. दुसरी भिंत मात्र तिरकी पळते. तेव्हा @०,३६००, मग @-३०००,० आणि शेवटी ‘सी’ हे अक्षर, म्हणजे चौकट बंद.

(दृश्य : मागच्या रांगेतील एक मुलगा हात वर करतो. मूळ ध्वनी चालू ठेवावा.)

“मॅडम, रेघ उमटतच नाही.”
“किती लिहिलंस?”
“तीन.”
“तीन काय?”

(काही क्षण शांतता. मुलगा पडद्याकडे पाहतो.)

त्याने तीन मीटर मनात धरून ३ हा आकडा लिहिला होता आणि संगणकाने तीन मिलिमीटरची रेघ इमानाने ओढली होती. मॅडम त्याला ‘झेड’, एंटर, ‘ई’, एंटर असे करण्यास सांगतात. जे काही काढले आहे ते सारे या झूमने पडदाभर दिसते. इवलीशी भिंत पडदा व्यापते आणि तिची लांबी तरीही तीनच राहते. कागदावर काम करताना प्रमाण आधी ठरवावे लागते आणि प्रत्येक माप लहान करून घ्यावे लागते. येथे वस्तू खऱ्या मापातच काढायची आणि प्रमाण छपाईच्या वेळी द्यायचे, हा या साधनातील सर्वांत मोठा फरक आहे. तो समजावण्यासाठी मॅडमनी त्या दिवशी दुसरे काहीही शिकवले नाही.

(दृश्य : एफ ८ ही कळ दाबणारे बोट. त्यानंतर आवारातील बांधकामावर गवंड्याच्या हातातील लोखंडी गुण्या.)

दुसऱ्या खोलीपासून सहनिर्देशक, म्हणजे @३०००,० असे जोडीने लिहायचे आकडे, मागे पडतात आणि एफ ८ पुढे येते. ही कळ चालू केली की रेघ फक्त आडवी किंवा उभीच जाते. गवंडी कोपरा साधताना जो गुण्या लावतो, तोच येथे एका कळीत आहे, आणि ज्या मुलांच्या घरी बांधकामाचे काम चालते त्यांना एवढे सांगणे पुरते. दिशा माउसने दाखवायची, अंतर आकड्याने लिहायचे, एंटर करायचे. एफ ३ ही कळ मात्र अधिक समजावून सांगावी लागते. ती चालू असली की कर्सर रेघेच्या टोकाजवळ जाताच तेथे लहान चौकोन उमटतो, मध्यावर त्रिकोण उमटतो आणि बिंदू तेथेच पकडला जातो. नजरेच्या अंदाजाने जोडलेली दोन टोके पडद्यावर जुळलेली दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर मध्ये फट असते. त्या फटीमुळे पुढे भिंतीत हॅच, म्हणजे तिरक्या रेघांची भरण, भरत नाही.

(दृश्य : चार रेघांची चौकट. तिच्याबाहेर एकामागून एक चार रेघा उमटतात. चारही कोपरे उघडे.)

आता भिंतीला जाडी द्यायची आहे. ‘ओ’ म्हणजे ऑफसेट. ही कमांड तीन प्रश्न विचारते आणि वर्ग ते असे म्हणतो : किती? कोणाला? कोणत्या बाजूला? उत्तरे अशी : २३०, ही रेघ, बाहेर. आयत काढण्याची वेगळी कमांड असताना मॅडम मुलांना चार सुट्या रेघा काढायला का लावतात, हे येथे कळते. सुट्या रेघा बाहेर सरकल्या की त्यांची लांबी तेवढीच राहते आणि कोपरे उघडे पडतात. ते जोडण्यासाठी ‘एफ’, म्हणजे फिलेट, वापरली जाते. फिलेट मुळात कोपऱ्याला गोलाई देते. गोलाईची त्रिज्या शून्य ठेवली की दोन्ही रेघा वाढून नेमक्या एका बिंदूत मिळतात. चारही कोपरे मिळाल्यावर बाहेरील माप ३४६० बाय ४०६० यायला हवे. प्रत्येकाने ते आधी वहीत बेरीज करून लिहायचे आणि मगच पडद्यावर मोजायचे, असा नियम आहे. आमच्या मते संपूर्ण वर्गातील सर्वांत चांगला नियम हाच.

(दृश्य : दाराची जागा. भिंतीचा तुकडा नाहीसा होतो.)

दारासाठी ‘टीआर’, म्हणजे ट्रिम. या कमांडजवळ मुले सर्वाधिक अडखळतात. जुन्या पद्धतीत ती आधी कापणारी रेघ विचारते, त्यानंतर एंटर द्यावे लागते आणि मग कापायचा भाग दाखवावा लागतो. मधला एंटर राहिला की काहीच कापले जात नाही. २०२१ च्या आवृत्तीपासून हा पहिला टप्पा आपोआप गृहीत धरला जातो. परंतु जुन्या आवृत्तीवर काम करणारी कार्यालये असतात, म्हणून येथे दोन्ही पद्धती शिकवल्या जातात. मॅडमचे शब्द आहेत : “आधी कात्री दाखवा, मग कापड दाखवा.” कोपऱ्यापासून ११५ मिलिमीटर सोडून ९०० मिलिमीटरचे दार ठेवायचे आहे. बाजूच्या भिंतीची आतील रेघ आधी ११५ ने आणि मग मिळालेली नवी रेघ ९०० ने ऑफसेट केली की दाराच्या दोन कडा मिळतात. त्या बाहेरच्या रेघेपर्यंत एक्स्टेंडने वाढवायच्या आणि मधला तुकडा कापायचा. दार कोणत्या बाजूला उघडते हे दाखवण्यासाठी ९०० त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याचा पाव भाग ठेवला जातो. उरलेला पाऊण भाग पुन्हा त्याच कात्रीने जातो.

(दृश्य : मॅडम प्रकाशाकडे धरून ट्रेसिंग पेपरचे तीन ताव एकावर एक ठेवतात.)

लेअर शिकवण्यासाठी त्या संगणकापासून उठतात. एका तावावर भिंती आहेत, दुसऱ्यावर दारे-खिडक्या, तिसऱ्यावर मापे. तिन्ही एकत्र धरले की पूर्ण नकाशा दिसतो आणि एक काढून घेतला तरी बाकीचे जागेवर राहतात. संगणकातील लेअर म्हणजे हेच ताव. मंजुरीसाठी सादर करायच्या नकाशात प्रस्तावित काम लाल आणि पाडायचे काम पिवळ्या रंगात दाखवण्याची रीत आहे, त्यामुळे कोणती रेघ कोणत्या तावावर आहे याला पुढे फार अर्थ येतो. एका मुलीने सर्व भिंती ‘डेफपॉइंट्स’ नावाच्या लेअरवर काढल्या. मापे दिली की हा लेअर आपोआप तयार होतो आणि त्यावरचे काहीही छापले जात नाही. पडद्यावर घर होते, कागदावर नुसती मापे आली. तिने तो कागद वहीत चिकटवून ठेवला आहे.

(दृश्य : प्रिंटरमधून बाहेर येणारा कागद. मुलगी त्यावर पट्टी ठेवते.)

एकास पन्नास प्रमाणात छापलेली ३००० मिलिमीटरची आतील रुंदी पट्टीवर ६० मिलिमीटर भरली पाहिजे, आणि ती भरते.

हा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले वास्तुविशारदांच्या कार्यालयांत, ठेकेदारांकडे किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून शासकीय विभागांत कामाला लागतात.

(दृश्य : कार्यशाळेमागचे मैदान. खुंट्या, दोरी, फक्कीचा डबा, मोजणीची टेप.)

शेवटचे प्रात्यक्षिक या मैदानात होते. पडद्यावर काढलेली तीच खोली मुले जमिनीवर आखतात. आदल्या दिवशी त्यांनी ‘डीआय’ या कमांडने समोरासमोरच्या आतील कोपऱ्यांमधील अंतर विचारून ठेवले आहे. उत्तर आले आहे ४६८६ मिलिमीटर. चार खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते, चारही बाजू टेपने मोजल्या जातात आणि बरोबर येतात. मग कर्ण. पहिला कर्ण ४ मीटर ७० सेंटिमीटरच्या किंचित आधी येतो. दुसरा त्याहून दोन सेंटिमीटर कमी भरतो. बाजू जुळल्या तरी कोपरा काटकोनात नाही.

(दृश्य : दोघी टेप धरून उभ्या. तिसरी मुलगी खुंटी उपसून थोडी सरकवते, पुन्हा ठोकते. टेप पुन्हा ताणली जाते. मुलींच्या चेहऱ्यांवर कॅमेरा स्थिर. निवेदन नाही, फक्त मैदानावरील आवाज.)

“किती?”
“चार मीटर, अडुसष्ट पूर्णांक सहा सेंटिमीटर.”
“आता दुसरा मोज.”