टाचेतला खडा आणि दिसणारी सुई

नमस्कार श्रोतेहो. मागच्या आठवड्यात सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हमाल मामा लंगडत दवाखान्यात आले. हातात एक्सरे. "डॉक्टर, टाचंमागं शिरंत खडा झालाय म्हणत्यात. कॅल्शियम वाढलं न्हवं? दूध बंदच केलंय मी."

म्हटलं मामा, आधी दूध सुरू करा!

आपण जिला सरसकट शीर म्हणतो ती खरं तर कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिच्यात कॅल्शियम साचतं, पण ते दुधातलं नव्हे. हा साठा कधी खडूसारखा कोरडा, तर कधी टूथपेस्टसारखा मऊ. मऊ झाला की शरीर तो स्वतःच शोषायला लागतं, आणि नेमका तेव्हाच ठणका सगळ्यात जास्त असतो.

सोनोग्राफी म्हटल्यावर मामा लाजले. "ती बायकांची ना?" नाही हो. पडद्यावर कंडरा, खडा आणि सुईचं टोक एकाच वेळी हलताना दिसतं, एक्सरेचे किरणही नाहीत. जागा बधिर करून सुई थेट साठ्यात न्यायची, सलाइन आत सोडायचं, दट्ट्यावरचा दाब काढायचा. साठा मऊ असेल तर पाणी दुधासारखं गढूळ होऊन सिरिंजमध्ये परत येतं. असं पुन्हा पुन्हा धुवायचं. खांद्यासाठी हा उपाय चांगला रुळलाय. पायात तो त्यामानानं कमी केला जातो.

स्टेरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनचं, मात्र जपून. टाचेमागच्या कंडरेतच ते गेलं तर ती तुटू शकते. म्हणून गरज पडलीच तर ते बाहेर, कंडरेशेजारी घर्षण कमी करणारी जी पातळ पिशवी असते ती सुजली असेल तर तिच्यात, तेही सोनोग्राफीवर बघूनच. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

मामांचा खडा निघाला हाडाचा काटा, कंडरा हाडाला चिकटते तिथेच वाढलेला. तो धुऊन निघत नाही. त्यामुळे सुई नाहीच. चपलेत टाचेखाली उंचवटा आणि बारा आठवडे व्यायाम, तोही सपाट जमिनीवर, पायरीवरून टाच खाली न सोडता.

"मग एवढा वेळ बघितलं काय?" मामा थोडे नाराजच झाले. पण ऐन हळदीच्या हंगामात पोती सोडून तोलाईला बसतो, असं त्यांनी मुकादमांना सांगितलंय.