मेट्नर, मुक्काम गंगापूर रोड

[दृश्य: नाशिक. दुसऱ्या मजल्यावरची खोली. झाकण उघडलेला उभा पियानो.]

पावसाळ्यात या पियानोच्या पोटात झिरोचा बल्ब लावून ठेवावा लागतो. लाकूड फुगतं, मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येता येत नाहीत. सूर लावणारा येणार मुंबईहून, तोही त्याच्या सवडीने. शिकवण्या संपल्या की बाई अशाच पियानोवर मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना काढून बसतात.

निकोलाय मेट्नर. जन्म मॉस्को, १८८०. मृत्यू लंडन, १९५१. त्याच्या नावावर पियानोच्या १४ सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचना, आहेत. रॅखमॅनिनॉफ या दुसऱ्या रशियन संगीतकाराने आपला चौथा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, त्याला अर्पण केला. तरी रॅखमॅनिनॉफ जगभर वाजतो आणि मेट्नरचं नाव संगीतातल्या माणसांनाही सांगावं लागतं. बाईंच्या मते यात थोडा दोष मेट्नरचाच. नव्या वळणाच्या संगीताशी त्याने उभा दावा मांडला. शिवाय त्याची चाल पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही.

[दृश्य: हातांचं जवळून चित्रण. मेट्नरची ‘सोनाटा रेमिनिसेन्झा’.]

ही सुरुवात ऐका. ए मायनर ही स्वरपट्टी, हलका हात, सुरांची एकच आकृती फिरत राहते. मध्ये बरंच वादळ होतं, आणि पुन्हा तीच आकृती येते. गवई मुखड्यावर येतो तशी. पण इथे सम नाही, दाद कुठे द्यायची ते आपलं आपण ठरवायचं. खरी गंमत मधल्या सुरावटीत आहे. वरचे सूर दबून वाजले, तरच अंगठ्याखालची ओळ ऐकू येते. बाई तेवढ्याच चार मात्रा पुन्हा पुन्हा घोटतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन प्रकाशकांकडून येणारे पैसे बंद झाले. लंडनमधला मेट्नर आजारी, हातात पैसा नाही. अशा वेळी मदतीला आले म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार. ते स्वतः पियानो शिकलेले. त्यांच्या पैशांतून एचएमव्हीने खुद्द मेट्नरचं वादन ध्वनिमुद्रित केलं. मेट्नरने तिसरा कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. राजेरजवाड्यांचा पैसा कुठे कुठे गेला हे आपण जाणतोच. हा मात्र सत्कारणी लागला.

[दृश्य: स्टँडवर जाडजूड स्वरलिपी.]

सध्या बाईंनी ‘रात्रीचा वारा’ ही सोनाटा काढली आहे. अर्धा तास सलग, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पानं उलटायला आठवीतली एक विद्यार्थिनी येते. तिला सिनेमातली गाणी वाजवायची आहेत. बाईंचं म्हणणं, आधी पानं वेळेवर उलट, मग हवं ते गाणं बसवून देते.