अर्धं काचेत, अर्धं पाण्यात

[पडद्यावर: निळं पाणी. खालून दिसणारी बोटीची सावली. श्वासाचा आवाज, वर जाणारे बुडबुडे.]

पाण्यात खाली जाताना सगळ्यात आधी लाल रंग जातो. पाच-सात मीटर उतरलो नाही, तोच मनगटावरचा लाल दोरा तपकिरी दिसायला लागतो. आणखी खाली गेलं की काळपट. कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरायचं, हळूच हवा ढकलायची, कानात टक्‌ असं झालं की पुढे सरकायचं. घाई करायची नाही. दहा मीटरवर अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि शरीराला तो सावकाश समजून घ्यावा लागतो.

हा मॉरिशसचा पश्चिम किनारा. गावाचं नाव फ्लिक-आँ-फ्लाक. इथून थोड्या अंतरावर, भर समुद्रात, खडकाची एक कमान आहे. तिच्या आत भलंमोठं भुयार. छताला फट आहे, तिच्यातून उजेडाचा पट्टा तिरपा खाली येतो आणि वाळूवर टेकतो. या जागेला सगळे 'कॅथेड्रल' म्हणतात. खोली पंचवीस मीटरच्या आसपास. नवशिक्यांना इथे आणत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पहिल्या पातळीचं प्रशिक्षण झालेल्याला अठरा मीटरची मर्यादा असते.

[पडद्यावर: कमानीखाली लायनफिश, पंख पसरून स्थिर.]

कडेला लायनफिश दिसतो. पिसाऱ्यासारखे पंख पसरून जागच्या जागी तरंगत असतो. तो आपल्यामागे लागत नाही. पण त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं, म्हणून हात अंगालगत ठेवायचे. पायांतल्या फिन्स तळाला लागू द्यायच्या नाहीत. इथला निम्मा शहाणपणा पाय कुठे ठेवायचे नाहीत, यातच आहे.

[पडद्यावर: बेटाचा नकाशा. किनाऱ्याभोवती प्रवाळाची पांढरी रेघ.]

मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. किनाऱ्यापासून थोडं आत, जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत. लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि अलीकडे राहतं उथळ, शांत, हिरवट पाणी. वारा बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून येतो. त्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला राहतो आणि डायव्हिंगची बरीचशी ठिकाणं याच बाजूला आहेत.

इथे येणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आधी समुद्र, मग संग्रहालयं. डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्यासाठी अठरा ते चोवीस तास हाताशी ठेवायचे. ते तास हॉटेलच्या खोलीत घालवण्यापेक्षा संग्रहालयांना द्या. मी तेच केलं. त्यामुळे समुद्रात पाहिलेल्या कित्येक गोष्टींचा उलगडा जमिनीवर आल्यावर झाला.

[पडद्यावर: बुडालेल्या बोटीचा नाळेचा भाग, त्यावर माशांचा थवा.]

उत्तरेला त्रू-ओ-बिशसमोर स्टेला मारू आहे. मासेमारीची जपानी बोट. 1987 साली ती मुद्दाम बुडवली, माशांना घर मिळावं म्हणून. आज तिच्या लोखंडाचा रंगही दिसत नाही, इतकं काही तिच्यावर वाढलंय. आपल्याकडे सिंधुदुर्गात निवतीजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार अशीच समुद्रतळाशी ठेवण्याची योजना आखली गेली. ती ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा स्टेला मारूच आठवली. मालवणच्या समुद्राचं भलं व्हावं, असं फार मनापासून वाटतं.

[पडद्यावर: पोर्ट लुई. गर्दीचा रस्ता, दालपुरीची गाडी.]

राजधानी पोर्ट लुई. रस्त्यावर दालपुरी खायची. दोन-दोन पुऱ्या एकावर एक, मध्ये रस्सा आणि चटणी. हाताला ती पुरणपोळीसारखी मऊ लागते, फक्त पुरणात गूळ नाही.

खाऊन झालं की निसर्ग-इतिहास संग्रहालय. इथे एका काचेमागे डोडोचा सांगाडा उभा आहे. डोडोची हाडं जगात बऱ्याच ठिकाणी आहेत, पण ती बहुतेक निरनिराळ्या पक्ष्यांची एकत्र जुळवलेली. हा सांगाडा एकाच पक्ष्याचा आहे आणि जवळजवळ पूर्ण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो एतिएन तिरियू यांना सापडला. ते व्यवसायाने केशकर्तनकार. सुट्टीत डोंगरातल्या घळी धुंडाळत फिरायचे.

डच इथे 1598 साली उतरले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याला उडता येत नव्हतं. माणसाचं भयही माहीत नव्हतं. माणसांबरोबर आलेली डुकरं, उंदीर आणि माकडं त्याची अंडी खात. काचेसमोर उभं राहिलं की सगळ्यात आधी नजर जाते ती पायांवर. जाड, भक्कम, जमिनीवर चालण्यासाठीच घडलेले पाय.

बंदरावरच्या ब्लू पेनी संग्रहालयात 1847 ची टपाल तिकिटं आहेत, एक नारिंगी आणि एक निळं. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी काही मिनिटंच दिवा लावतात. तिकिटांचं वेड असलेल्यांनी जरूर जावं. माझा पाय मात्र तिथे फार रेंगाळला नाही, कारण पुढे आप्रवासी घाट होता.

[पडद्यावर: काळ्या दगडाच्या पायऱ्या. माणसं नाहीत. फक्त पायऱ्या.]

सोळा पायऱ्या. बेसॉल्टच्या, काळ्या, आपल्या सह्याद्रीच्या दगडासारख्याच.

गुलामगिरी 1835 साली इथे कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. म्हणून त्याच्या काही महिने आधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज भारतातून छत्तीस मजूर घेऊन आलं. पुढे 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं आली. 1849 पासून ती याच ठिकाणी उतरत, या पायऱ्या चढत, आणि वर त्यांची नोंद होई. 2006 साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. जवळच, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत, गुलामगिरीचं संग्रहालय आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. एक संपतं तिथे दुसरं सुरू होतं.

कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं निघाली. त्यांतून रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं इथे आली. नोंदींचे कागद आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं, ते त्याने लिहिलं. त्या स्पेलिंगमधून आपलं गाव शोधत आजही लोक तिथे येतात.

[पडद्यावर: संध्याकाळ. ढोलकी, झांजा.]

या मराठी घरांतून बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीत, चालतं. पण शाळेत मराठी शिकवली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आणि कोकणातली जाखडी इथे 'झाकरी' होऊन नाचली जाते. गोल धरायचा, ठेका एकच, पाऊल एकाच वेळी पडायला हवं. शब्द झिजले असतील, पण पावलं चुकत नाहीत. ते पाहताना मला बोलताच येईना.

[पडद्यावर: माहेबूर. समुद्राकाठची जुनी हवेली. काचेच्या पेटीतली घंटा.]

शेवटचा दिवस आग्नेय किनाऱ्यावर. माहेबूरचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. या पेटीत एक घंटा आहे, 'सँ-जेराँ' जहाजाची. ऑगस्ट 1744 मध्ये ते जहाज ईशान्येच्या प्रवाळावर आपटलं. जहाजावर साखर कारखान्याची यंत्रसामग्री होती, माणसं होती. वाचली नऊ. ही घंटा समुद्राने दोनशेहून अधिक वर्षं स्वतःजवळ ठेवली.

याच घराची आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट 1810. समोरच्या ग्रां पोरच्या खाडीत इंग्रज आणि फ्रेंच आरमार भिडलं. प्रवाळांतल्या अरुंद वाटा इंग्रजांच्या परिचयाच्या नव्हत्या. सिरियस आणि मॅजिसिएन या त्यांच्या युद्धनौका खडपांवर रुतल्या. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्याच खलाशांनी त्या पेटवून दिल्या. इंग्रज कप्तान विलोबी आणि फ्रेंच सेनानी द्युपेरे दोघेही जबर जखमी झाले, आणि दोघांवर उपचार झाले ते याच एका घराच्या छपराखाली. लढाई फ्रेंचांनी जिंकली. चारच महिन्यांत बेट इंग्रजांनी घेतलं.

मॅजिसिएनमधून वर काढलेल्या वस्तू इथे मांडल्या आहेत. सिरियसचे अवशेष अजून खाडीच्या तळाशी आहेत. तिथल्या तोफा कुणी उचलू नयेत, त्यांचा तुकडाही घरी नेऊ नये. त्या जिथे पडल्या, तिथेच त्यांचा अर्थ आहे.

[पडद्यावर: ब्लू बे. काचतळाची बोट. गोल, घड्याघड्यांचा प्रवाळ.]

जवळच ब्लू बेचं संरक्षित सागरी उद्यान. इथे पाठीला हवेची टाकी बांधायची गरज नाही. मुखवटा आणि श्वासनळी पुरे. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ हाताच्या अंतरावर दिसतात. काही ठिकाणी ते पांढरेफटक आहेत. पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळावरच त्याचं पोट चालतं.

25 जुलै 2020 ला इथून अगदी जवळ, प्वांत देस्नीसमोर, 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा माहेबूरच्या किनाऱ्यावर माणसं रांगेने बसली, गोणपाट आणि कापड शिवलं, त्यात उसाचं पाचट भरलं आणि त्याचे लांब दंडगोल पाण्यात सोडले, तेल अडवायला. ज्या उसासाठी त्यांचे पणजोबा या बेटावर आणले गेले, त्याच उसाचं पाचट.

[पडद्यावर: विमानतळाचा रस्ता. उसाची शेतं. सखल, ओलसर झाडी.]

विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. वाटेत एक दलदल आहे, मार-ओ-साँज. गाडी थांबवून पाहावं, असं तिथे काही दिसत नाही. तरी आम्ही थांबलो.

1865 साली माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क डोडोच्या हाडांच्या शोधात इथे आले. काठावर काही मिळेना. मग त्यांनी मजुरांना दलदलीच्या मध्यभागी उतरवलं. त्या काळी ज्यांना 'कुली' म्हणत, ते मजूर. युरोपातल्या संग्रहालयांत उभे असलेले कितीतरी डोडो याच दलदलीतल्या हाडांचे आहेत. त्या मजुरांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. ते अनवाणी होते. चिखलात एकेक पाऊल टाकत, तळव्यांनी चाचपत ते पुढे सरकत गेले, आणि पायाला काही कठीण लागलं की थांबले.

[पडद्यावर: स्थिर पाणी. हळूहळू अंधार.]