पार्सल पॅकिंगचा टेबल: एका वेळी एकच खोका

नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातून बोलते आहे, जिल्हा वर्धा. मागे दिसते ती आमची सपरी. वायगावची हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि जवसाची चटणी इथूनच पार्सलनं जाते. रोजची आठ-दहा, सणाच्या तोंडावर वीस-पंचवीस.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नघरची ऑर्डर होती, दोन किलो हळद. कार्यक्रम दोन दिवसांवर आला, त्यांनी खोका उघडला, तर आत तिखट. नवरीची आई फोनवर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "असू द्या ताई, इथल्याच दुकानातून आणतो." ते मला फार लागलं.

चूक कुठं झाली? पाच खोके भरून, टेप मारून टेबलावर ठेवले होते. पत्ते मागाहून चिकटवू म्हटलं. तोंड बंद झालं की सगळे खोके सारखेच दिसतात.

तेव्हापासून एक ऑर्डर हातात घेतली की तिच्यावर पत्ता चिकटेपर्यंत दुसरीला हात लावत नाही. टेबलही त्याच हिशोबानं लावलाय.

(टेबलाच्या डाव्या टोकापासून)

हा खिळा, त्याला ऑर्डरच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. वरची एकच काढायची. मग काटा. मग खोका, टेप, पत्ता. उजव्या टोकाला हे पोतं, तयार पार्सल सरळ त्यात. माल टेबलावर ठेवायचाच नाही. हळद त्या भिंतीला, तिखट या भिंतीला, मधे चार पावलं. पाकीट आणायला उठावं लागतं, आणि उठताना चिठ्ठी पुन्हा वाचली जाते. हे मला फार उपयोगी पडलं.

खोके तीनच मापांचे ठेवा. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० नं भागतात, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. ३० बाय २५ बाय २० चा हा खोका बघा: गुणाकार १५०००, म्हणजे ३ किलो. आत किलोभरच हळद असली तरी पैसे ३ किलोचे. मोठा खोका स्वस्तात मिळाला म्हणून वापरू नका, भाड्यात जातो तो पैसा.

पत्ता चिकटवण्याआधी पिन कोड गावाशी ताडून पाहा. ४४ नं सुरू झाला तर आपला विदर्भ: ४४२ मध्ये वर्धा, ४४५ मध्ये यवतमाळ. पत्त्यात पुणे आहे आणि पिन ४४ चा, तर गिऱ्हाइकाला फोन लावा. पुण्याचा ४११ नं सुरू होतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला आली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. टेपचा गोंद मऊ पडतो, कडा उचलते. म्हणून टेपचे रोल मी आत मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवते, लागेल तेवढा एकच बाहेर. पावसाळ्यात खोक्यांची थप्पी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, नाहीतर पुठ्ठा ओल धरतो आणि तळ बसतो.

लेबलाचा प्रिंटर घेतला असेल तर एक ध्यानात ठेवा. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेनंच अक्षर उमटतं. त्याला ऊन आणि तेल दोन्ही सोसत नाही. जवसाची चटणी भरली की हात साबणानं धुवायचे, पुसायचे, मगच लेबल धरायचं.

(लेबल कॅमेऱ्यासमोर)

हे मी मुद्दाम जपून ठेवलंय. इथं चटणीचं बोट लागलं होतं. गाव वाचता येतं, पण पिनचे शेवटचे दोन आकडे बघा, गेलेले आहेत.