नडगीच्या समोरचा तडा

नमस्कार श्रोतेहो. जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आली की पहाटे मरीन ड्राइव्हवर धावणारे वाढतात आणि पाठोपाठ आमच्या ओपीडीत नडगी दुखणारेही. बहुतेकांचं दुखणं विश्रांतीने थांबतं. ज्यांचं थांबत नाही, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

लालबागची एक खो-खो खेळणारी मुलगी वडिलांबरोबर आली. सहा महिने बाम, शेक, मालिश चालू होतं. कुठे दुखतं, विचारल्यावर तिने नडगीच्या मधोमध, अगदी समोर, एक बोट टेकवलं. बाजूने काढलेल्या एक्स-रेत नेमकी तिथेच आडवी काळी रेघ होती, म्हणजे हाडाला गेलेला तडा. ऑपरेशन सुचवल्यावर वडील म्हणाले, "डॉक्टर, हाड मोडलेलं नाही ना? मग ऑपरेशन कशाला?"

रास्त प्रश्न. तडा नडगीच्या मागच्या बाजूला असेल, तर पाऊल टाकताना तो दाबला जातो आणि 6 ते 8 आठवडे धावणं बंद ठेवलं की बहुधा सांधतो. समोरची बाजू मात्र ताणली जाते. बांबू वाकवला की बाहेरच्या अंगाने फाटतो, तसंच हे. शिवाय तिथे रक्तपुरवठा कमी. असा तडा महिनोन्‌महिने भरत नाही आणि एखाद्या उडीला हाड पुरतं मोडू शकतं.

अशा वेळी गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत रॉड टाकतात. त्यासाठी पोकळी आतून खरवडतात आणि त्याने हाड भरायलाही मदत होते. पण नंतर काहींचा गुडघा समोरून दुखतो. हिला तर रांगेत उकिडवं बसून झटक्यात उठायचं! म्हणून आम्ही तडा मधे धरून नडगीवर प्लेट बसवली. ती कातडीखाली टोचू शकते, पुढे कदाचित काढावी लागेल, हेही आधीच सांगितलं.

पालकांनो, प्रशिक्षकांनो, एका बोटाने दाखवता येणारं दुखणं असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मुलांना मैदानात पाठवू नका. सुरुवातीला तडा एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

आणखी एक. वडील बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "चार महिने पाळी आली नाहीये." वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण तिने सोडलं होतं. उपाशी शरीरात हाड नीट भरत नाही. त्यामुळे प्लेटइतकंच तिच्या ताटाकडे आम्ही लक्ष दिलं. पाळी सुरू झाली, तडा भरला आणि सहाव्या महिन्यात ती पुन्हा रांगेत बसली.