मीठ आणा आधी

नमस्कार श्रोतेहो! घरातल्या कामाचे मुलांना पैसे द्यावेत का, असं एका आईने पत्रातून विचारलंय. द्यावेत की! पण सरसकट नाही. आपलं ताट उचलणं, अंथरुणाची घडी घालणं, दप्तर भरणं, याचे पैसे नाहीत. पुन्हा सांगते, स्वतःच्या कामाचे पैसे नाहीत. ज्या कामातून घरात चार पैसे येतात किंवा वाचतात, त्याचे द्या.

आता आमचा नातू. वय वर्षं नऊ. त्याच्याकडे रद्दी सोपवलीय. पेपर नीट लावायचे, सुतळीने गठ्ठे बांधायचे, येतील ते पैसे त्याचे. इंग्रजी पेपर वेगळे, कारण त्यांना भाव जास्त. हे मला भारी खुपतं हो! मराठी पेपर आमच्याकडे छोट्या जाहिरातींपर्यंत वाचला जातो, इंग्रजीची घडीसुद्धा मोडत नाही, आणि भाव कुणाला? असो.

तर रद्दीवाले दादा आले. हुकाच्या काट्याला गठ्ठा अडकवला आणि म्हणाले, "साडेसहा किलो." नातू काही न बोलता आत गेला आणि मिठाची न फोडलेली पिशवी घेऊन आला. "काका, ही एक किलोची आहे. ही लावून बघा ना." दादा माझ्याकडे बघतायत, मी पंख्याकडे. पिशवी लावली. काटा आठशेवर थांबला!

"स्प्रिंग जुनी झालीय, आजी."

"मग आठशेला एक किलो धरा," नातू म्हणाला. झालं! दोघंही पायरीवर बसले. पेपरच्याच कोपऱ्यावर पेन्सिलीने गणित. दादा तोंडी करतायत, हा मांडून. शेवटी आठ किलोवर तोडपाणी झालं. बारा रुपयांनी शहाण्णव. दादांनी शंभराची नोट दिली, तर या पठ्ठ्याने स्वतःच्या डब्यातून चार रुपये मोजून परत केले.

पुढच्या महिन्यात दादा नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन हजर. दारातूनच म्हणाले, "बाळा, मीठ आणा आधी!"

तर, दर आधी ठरवा. काम झालं की लगेच पैसे द्या, आणि रोख द्या. दर आधी, पैसे लगेच, हे विसरू नका. हल्ली भाजीवालीकडेसुद्धा आपण मोबाइल दाखवतो आणि निघतो; पोराला बिचाऱ्याला पैसा गेलेला दिसतच नाही. कोथिंबिरीच्या जुडीला कसले स्कॅन करता!

दहा वर्षं पूर्ण झाली, की मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं आणि स्वतः चालवताही येतं. सुरुवातीला 500 रुपये लागतात. तोवर डबा बरा. फक्त तो आरपार दिसणारा घ्या, आणि त्यातून दूधवाल्याला सुटे द्यायला उसने घेतलेत, तर त्याच दिवशी परत टाका. नमस्कार.